सासऱ्याच्या नावाचा थांबा

उल्जानला अख्खी गल्ली ओळखते ती एका विनोदावरून. बिश्केक शहराच्या पूर्वेकडच्या त्या गल्लीत कुणाकडे पाळणा हलो, सुंता असो की लग्न, मटण शिजून पाहुणे भिंतीला टेकले की कुणीतरी म्हणतंच, "दामिरा, ती मेंढीची गोष्ट होऊन जाऊ दे!" मग दामिरा, म्हणजे उल्जानची मोठी नणंद, डोक्यावरचा रुमाल सारखा करते, घसा साफ करते आणि सुरू होते. उल्जान तिथेच असते, समोवारपाशी. सुनेनं चहा ओतायचा, आणि वाटी अर्धीच भरायची, म्हणजे पाहुणा पुन्हापुन्हा मागतो आणि बसून राहतो. काठोकाठ भरून दिली तर त्यानं समजावं, प्या आणि उठा. ही गोष्ट ऐकत उल्जाननं सत्तावीस वर्षं वाट्या अर्ध्याच भरल्या. गोष्ट तीच, हशा तोच, आणि हसणाऱ्यांत आता त्या वेळी न जन्मलेलेही असतात.

गोष्ट हसण्यासारखी आहेच, त्यात वाद नाही.

तिच्या सासऱ्याचं नाव बाजारबेक. त्याच्या आईला भर बाजारात कळा सुरू झाल्या आणि बटाट्यांच्या गाड्यावर हा जन्मला, म्हणून बाजारबेक. नाव ठेवणाऱ्यांनी पुढे येणाऱ्या सुनेचा विचार कशाला करावा! आमच्यात सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. नावच नव्हे, नावात जो शब्द असेल तोसुद्धा उच्चारायचा नाही. शहरातल्या बऱ्याच घरांनी हे केव्हाच सोडून दिलं. पण बाजारबेकचं घर चालीरीतींना धरून होतं, म्हणजे ज्या सुनांनी पाळायच्या असतात तेवढ्यांना. तो स्वतः रोज्यांच्या महिन्यातही दुपारची बाटली चुकवत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात उल्जान भोळेपणानं विचारून बसली, "बाजारातून कांदे आणू का?" सासूच्या हातात लाकडी पळी होती. ती तिनं उल्जानच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला. सासरा जेवणावरून उठून गेला. दोन दिवस घरात तिच्याशी कुणी बोललं नाही, नवराही नाही. नवरा एसेन तसा वाईट नव्हता. तो कसाच नव्हता. तिसऱ्या दिवशी सुजल्या ओठानं ती म्हणाली, "गर्दीतून कांदे आणू का?" सासू म्हणाली, "आण." तेव्हापासून उल्जान दहा वर्षं गर्दीतून कांदे आणत होती, गर्दीतून गाजरं आणत होती. घरात सगळ्यांना कळायचं. तिची जीभही वळणावर आली होती, इतकी की स्वप्नातसुद्धा तो शब्द यायचा नाही.

मग नोव्हेंबरमधल्या एका रविवारी शेजारच्यांच्या फोनवर माहेरचा निरोप आला. माहेर नारीनच्याही पलीकडे, डोंगरात. गावातला एक ट्रकवाला लोकर घेऊन शहरात आला होता, आणि त्याच्याबरोबर उल्जानची आई आली होती, डॉक्टरला दाखवायला. पोटात गाठ होती. डॉक्टरनं हात लावून पाहिलं आणि घरी घेऊन जा म्हणाला. ट्रक उद्या दुपारी दोन वाजता नव्या बाजाराच्या फाटकापासून परत निघणार. आई तिथे असेल. उल्जाननं तेवढं तोंड दाखवून जावं.

आईनं लेकीच्या घरी यायला काय हरकत होती, असं शहरातला माणूस विचारील. रिकाम्या हातानं व्याह्यांच्या दारात कोणती आई जाते? कापडचोपड नाही, मेंढरू नाही, वर आजारपण घेऊन जायचं! त्यापेक्षा ती सोमवारच्या बंद बाजाराच्या फाटकापाशी थांबेल. चार वर्षं झाली होती मायलेकींची भेट होऊन. एकदा खिंडीत बर्फ पडलं की मार्चपर्यंत रस्ता बंद, आणि मार्च आई पाहणार नाही हे फोनवरच्या माणसानं न सांगताही कळत होतं.

सासूनं परवानगी दिली, जेवणाची भांडी आवरल्यावर. उल्जाननं पहाटे कणकेचे बोर्सोक तळून ठेवले होते आणि जाड लोकरी मोजे पिशवीत घातले होते. साडेबाराला तिनं मिनीबस पकडली. बाजारापर्यंत अर्धा तास. वेळ भरपूर होता.

गाडी चौदा जणांची, आत पंचवीस. उल्जान मधोमध उभी होती, नाक कुणाच्या तरी कातडी कोटात. बसलेल्या एका आजीनं तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली होती. खिडक्यांवर बर्फाची जाड साय धरलेली. बाहेरचं दिसत होतं फक्त ड्रायव्हरला आणि त्याच्या शेजारच्या सीटवर शाल नाकापर्यंत ओढून बसलेल्या एका बाईला. एरवी या वाटेवर बोलायची वेळच येत नसे. बाजार आला की अर्धी गाडी उतरायची, तिच्याबरोबर आपणही बाहेर पडायचं. पण आज सोमवार, सफाईचा दिवस. बाजाराला कुलूप. तिथे उतरणारं कुणीच नव्हतं. आणि आमच्याकडे जो ओरडत नाही त्याच्यासाठी गाडी थांबत नाही.

हे उल्जानच्या ध्यानात आलं तेव्हा अर्धी वाट सरली होती. तिनं मान उंच केली.

"दादा, मला गर्दीपाशी उतरवाल का?"

"काय?" ड्रायव्हरनं आरशात पाहिलं.

"गर्दी. गर्दीपाशी."

"एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला, "गर्दी तर इथंच आहे. अजून कुठली पाहिजे?"

सगळी गाडी हसली. उल्जानही हसली, कारण अशा वेळी हसायचं असतं.

"तसं नाही हो. जिथं लोक देतात-घेतात ना, तिथं."

"लाच?" मागून एकजण ओरडला. "मग बाईंना कचेरीपाशी उतरवा की!"

"नाही नाही. मोठं फाटक आहे. निळं."

"निळं तर तुरुंगाचं," कातडी कोटवाला म्हणाला. "माझा मेहुणा आहे आत. तुमचं कोण?"

"तुरुंग नाही हो! ते आज बंद असतं."

"बंद असतं तर जाता कशाला?" ड्रायव्हर म्हणाला.

काचा पांढऱ्या, गाडी कुठे आहे कळेना. "इथंच, इथंच थांबवा!" ती घाबरून ओरडली. गाडी थांबली. दार उघडलं, बाहेर कालवा आणि बाभळीची दोन झाडं. "इथं नाही," ती म्हणाली. दार बंद झालं. आता लोकांना अंगात थंडी जाणवेनाशी झाली, इतके ते हसत होते. मागचे पुढच्यांना विचारत होते, काय झालं, काय म्हणाली?

तेव्हा उल्जाननं ठरवलं, म्हणायचं. इथं कोण ओळखीचं आहे? आई दोनपर्यंतच आहे. तिनं डोळे मिटले, तोंड उघडलं.

"बा..." ती म्हणाली. "बा... बा..."

पुढचं अक्षर येईना. तोंडात पळी आडवी धरल्यासारखं झालं. तिनं पुन्हा जोर केला. "बा..."

"हां! मेंढ्या!" ड्रायव्हरनं स्टीअरिंगवर थाप मारली. "मेंढ्या म्हणायचं होय एजेला! खाटीकखान्याला जायचंय. तिथंही निळंच फाटक आहे, आणि सोमवारी कापत नाहीत. अहो मग आधीच बॅ करायचं! बसा निवांत, दारात सोडतो."

गाडीत एकच गोंधळ उडाला. कुणी बॅ केलं, कुणी त्याला उत्तर दिलं. उल्जान "नाही, नाही" म्हणत राहिली, पण ड्रायव्हरनं गाणं मोठं केलं होतं. मध्ये एकदा गाडी थांबली, पुढची शालवाली बाई तोंड दाबत उतरून गेली, दार आपटलं. बऱ्याच वेळानं पिशवीवाल्या आजीनं उल्जानची बाही ओढली.

"पोरी, सासरच्या कुणाचं नाव लागतंय का त्याला?"

उल्जाननं होकारार्थी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं.

"कुणाचं? सासऱ्याचं? मग... बाजार का गं? अरे देवा! बाजार तर केव्हाच गेला!"

ड्रायव्हर हायवेवर थांबेना. पोलीस उभे आहेत म्हणाला, दोन मिनिटांत शेवटचा थांबा येतोय. दोन मिनिटांनी त्यानं तिला खाटीकखान्यापाशी उतरवलं, मनापासून म्हणाला, "माफ करा हं, एजे," आणि गाडी भरेपर्यंत चहा प्यायला टपरीत शिरला. गाडी भरल्याशिवाय परत निघत नाही. उल्जान चालत सुटली. पाच-सहा किलोमीटर, रस्त्यावर निसरडं, पायांत फेल्टचे जुने बूट. दोनदा पडली. अर्ध्या वाटेत तीच मिनीबस गच्च भरून मागून आली. तिनं हात केला. ड्रायव्हरनं तिला ओळखून आनंदानं हॉर्न वाजवला आणि न थांबता निघून गेला.

ती फाटकापाशी पोचली तेव्हा तीन वाजायला आले होते. निळं फाटक, कुलूप, बर्फावर ट्रकच्या चाकांचे रुंद ठसे आणि तेलाचा काळा डाग. माणूस एकही नव्हता. तिनं त्या डागापाशी उभं राहून पिशवी उघडली. बोर्सोकचे दगड झाले होते.

संध्याकाळी घरी आली तर दारातूनच हसण्याचा आवाज. दामिरा आधीच येऊन बसली होती. शालवाली बाई तीच. दोन गल्ल्यांपलीकडे नांदायची, पण रोज माहेरी. ती उठून, हात पसरून, तोंड वाकडं करून "बा... बा..." करून दाखवत होती. सासू पोट धरून लोळत होती. एसेनही हसत होता. आणि सासऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मला एका शब्दात सांगता आलं असतं," दामिरा म्हणाली. "माझ्या जिभेला कुठं बंदी आहे? पण मग आज तुम्ही हसला असतात का? आणि ऐका ना, गाडी त्या बंद फाटकावरून जाते, तर तिथं एक म्हातारी उभी! पांढरा फेटा, डोंगरातल्या म्हाताऱ्या बांधतात तसा, हातात गाठोडं, डोळ्यांवर हात धरून आमच्या गाडीकडे टक लावून बघतेय. गाडी भुर्रकन पुढं! बाहेर म्हातारी, आत आमची मेंढी!"

उल्जान दारातच उभी राहिली. "उभी होती?" तिनं विचारलं.

"उभी होती तर! खांबासारखी."

"माझी सून!" बाजारबेक डोळे पुसत म्हणाला. "अख्खं शहर पालथं घातलं, पण सासऱ्याचं नाव नाही घेतलं! कुणाच्या घरात आहे अशी?" दुसऱ्या दिवशी त्यानं तिला फुलांची शाल आणून दिली. ती त्या दिवशी कुठे आणि कशाला निघाली होती, हे त्यानं विचारलं नाही, आणि पुढेही कधी नाही. सासूनं तेवढं विचारलं, "भेटली का आई?"

"नाही."

"असू दे. उन्हाळ्यात जाऊन ये."

आई जानेवारीअखेर गेली. खिंड बंद होती. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला रस्ता जेमतेम उघडला तेव्हा उल्जान पोचली. तिथे ट्रकवाला भेटला. साधा माणूस, टोपी हातात धरून बोलला. "मी अडीचपर्यंत थांबलो, ताई. त्याहून थांबलो असतो तर अंधार पडण्याआधी खिंड गाठली नसती. सीटच्या मागं फळीवर निजवलं होतं तिला. उठवत नव्हतं, खाली उतरायचं तर सोडाच. रस्त्यानं गाडी वाजली की विचारायची, आली का? मी म्हणायचो, अजून नाही."

उल्जाननं त्याचं ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला नाही. दामिरानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आई उभी होती. फेटा बांधून, गाठोडं घेऊन, नीट उभी होती, म्हणजे तिला तितकं दुखत नसणार. ट्रकवाल्याला नीटसं आठवत नसेल. पुरुषांना कुठे लक्षात राहतं?

आणि म्हणूनच ती गोष्ट तिनं कधी थांबवली नाही. लोकांना वाटायचं, किती सोशीक सून, स्वतःवरचा विनोद कसा हसत ऐकते. ती फक्त त्या एका वाक्याची वाट पाहत असायची. कालवा होऊन गेला, तुरुंग होऊन गेला, बा-बा झालं, की आता आई येणार. फाटकापाशी, डोळ्यांवर हात धरून. कुणी गोष्ट सुचवली नाही तर कधीकधी उल्जानच म्हणायची, "एजे, सांगा ना ती मेंढीची." दामिरा खूश व्हायची. वर्षानुवर्षं ती फेटा सांगायची, गाठोडं सांगायची. एका वर्षी तिनं गाठोडं लाल केलं. उल्जाननं रात्री आठवून पाहिलं, आईकडे लाल चौकटीचं कापड होतं खरं.

यंदा बाजारबेकला नव्वद पूर्ण झाली. मोठा घाट घातला होता. घोडा कापला होता, दूरदूरचे पाहुणे आले होते. सासू वारून बारा वर्षं झाली, एसेनही गेला होता, पण म्हातारा मानाच्या जागी ताठ बसला होता, कानांनी ठार बहिरा. उल्जान सत्तावन्नची, गुडघे गेलेले, तरी समोवारपाशी तीच. घरात नातसून होती, पण म्हाताऱ्याला चहा उल्जानच्याच हातचा लागायचा.

"मेंढी! मेंढी!" पाहुणे ओरडले.

दामिरानं रुमाल सारखा केला. या वेळी कुणाचा तरी भाचा मोबाईलवर व्हिडिओ घेत होता, म्हणून ती रंगात होती. झटझट सांगितलं. गर्दी, लाच, तुरुंग, बा-बा. पाहुणे भिंतीवर डोकी आपटत हसले. "...आणि ड्रायव्हरनं नेऊन सोडली थेट खाटीकखान्याच्या दारात!" दामिरानं हात झटकले आणि खाली बसली. संपली गोष्ट.

उल्जान किटली हातात धरून थांबली होती.

"एजे," ती म्हणाली, "म्हातारी राहिली."

"कोण म्हातारी?"

"फाटकापाशी उभी होती ती. लाल गाठोडंवाली."

"अगं ती होय!" दामिरा हसली. "कापून टाकली. ते पोरगं म्हणालं, गोष्ट आटोपशीर करा. आणि सोमवारच्या दिवशी कोण म्हातारी तिथं मरायला उभी राहणार होती? ती मी आपली तेव्हा घातली होती, जरा रंग भरावा म्हणून. मी हसत होते का बाहेर बघत होते? एक ट्रक उभा दिसला, बस्स."

लोक पुन्हा हसले. नणंदेनं सत्तावीस वर्षं सगळ्यांना फसवलं म्हणून हसले.

उल्जानच्या कानात त्या ट्रकवाल्याचा आवाज आला. आली का? अजून नाही. म्हणजे आई फळीवर आडवीच होती. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वळवत होती, आणि त्यातला एक आवाज या मिनीबसचा होता. गाडीतली सगळी माणसं तेव्हा बॅ बॅ करत होती.

तिनं दामिराची वाटी उचलली आणि चहा ओतायला लागली. अर्ध्यापाशी हात थांबला नाही. वाटी भरली, काठाला आली, चहा बोटांवरून ओघळून खाली अंथरलेल्या दस्तरखानावर पसरला. तिनं ती तशीच नणंदेपुढे ठेवली. आजूबाजूचं हसू हळूहळू विरलं. भाच्यानं मोबाईल खाली केला.

"हे काय गं?" दामिरा म्हणाली.

"बाजार," उल्जान म्हणाली. आवाज खणखणीत निघाला, तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "एवढंच म्हणायला हवं होतं तुम्ही. एकदा. बाजार. माझी आई होती त्या ट्रकमध्ये."

बाजारबेकनं हात कानामागे नेला आणि पाहुण्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. "काय म्हणतेय माझी सून?" त्यानं विचारलं. "गोष्ट संपली का? हसा की!"

उल्जाननं त्याची वाटी पुढे ओढली आणि तीही काठोकाठ भरली.